चेनला तेल लावण्याआधी : मोटारसायकलच्या चेनची निगा, योग्य क्रमाने

गाडी मेन स्टँडवर, इंजिन चालू, पहिला गिअर टाकलेला, मागचं चाक गरगर फिरतंय आणि माणूस शेजारी उकिडवा बसून फिरत्या चेनला फडकं लावतोय. गॅरेजच्या दारात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, शेतावरच्या गोठ्यासमोर, कुठेही हे पाहायला मिळतं. काम लवकर उरकतं, हे खरं आहे. पण फडक्याचं एक टोक स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन जिच्यावर फिरते त्या दातेरी चकतीच्या, दातांत सापडलं, तर बोट बाहेर काढायला वेळच मिळत नाही. इंजिनला मधे काय आलंय ते कळत नाही.

दुसरी चूक खिशाला लागते. मातीने माखलेल्या चेनवरच तेल ओतायचं. धूळ आणि तेल मिसळून जे तयार होतं, ते व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखं काम करतं. चेन दिसते ओली, पण आतून झिजत असते. तिसरी चूक अशी की चेन वाजते म्हणून ती ताणायची. कोरडी चेनही वाजते, सैल चेनही वाजते, झिजलेलीही वाजते आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे.

या तिन्ही चुका क्रम चुकल्यामुळे होतात. आधी तपासणी, मग धुणं, मग वाळवणं, मग ताण आणि सगळ्यात शेवटी तेल. खाली त्याच क्रमाने सांगितलंय. पल्सर २२०, ड्यूक, हिमालयन अशा उघड्या चेनच्या गाड्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय. स्प्लेंडरसारख्या पूर्ण बंद कव्हरच्या गाडीसाठी पुढे वेगळा भाग आहे. स्कूटरवाल्यांनी हे वाचून उपयोग नाही, त्यांच्याकडे बेल्ट असतो.

## आधी चेन कोणती ते ओळखा

गाडीच्या चेन दोन प्रकारच्या. साधी चेन आणि ओ-रिंगची चेन. चेनच्या बाहेरच्या आणि आतल्या पट्टीच्या फटीत टॉर्च मारून पाहा. काळ्या रबराची बारीक कडी दिसली तर ती ओ-रिंग चेन. काही गाड्यांत याच रबराचा छेद एक्स अक्षरासारखा असतो, तिला एक्स-रिंग म्हणतात. देखभाल तीच.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण ओ-रिंग चेनमध्ये पिन (पट्ट्या जोडणारी छोटी दांडी) आणि बुश (तिच्यावरची नळी) यांच्या मधलं ग्रीस कारखान्यातच भरून रबराने बंद केलेलं असतं. तुम्ही बाहेरून लावलेलं तेल तिथे पोचत नाही आणि पोचायची गरजही नाही. ते लागतं रोलरसाठी, म्हणजे दातांवर टेकणाऱ्या बाहेरच्या नळीसाठी, रबर मऊ राहावं म्हणून आणि पट्ट्यांना गंज चढू नये म्हणून. म्हणजे ओ-रिंग चेनमध्ये जपायचं असतं ते मुख्यतः रबर. ते फाटलं किंवा फुगलं की आतलं ग्रीस निघून जातं आणि मग वरून कितीही तेल लावा, चेन वाचत नाही. पेट्रोल आणि तारेचा ब्रश हे या रबराचे दोन मोठे शत्रू.

साध्या चेनमध्ये उलट आहे. तिथे तेल आत झिरपलंच पाहिजे, म्हणून ते पातळसर हवं आणि जास्त वेळा लावायला हवं.

## टप्पा १ : सामान गोळा करा, मगच खाली बसा

मधेच उठून काहीतरी शोधायला गेलात, की अर्धवट धुतलेल्या चेनवर धूळ बसते. म्हणून हे सगळं आधी जवळ घ्या :

- रॉकेल साधारण पाव लिटर, किंवा चेन क्लीनरचा स्प्रे
- जुना टूथब्रश किंवा चेनसाठी मिळणारा तीन बाजूंचा नायलॉन ब्रश
- जुन्या सुती बनियनची कापून घेतलेली फडकी. लोंबणारे धागे नकोत, म्हणून गॅरेजमधलं सुटं कॉटन वेस्ट इथे वापरू नका
- पुठ्ठ्याचा मोठा तुकडा आणि जुनी वर्तमानपत्रं
- पत्र्याचा उथळ डबा, खाली ठिबकणारं घ्यायला
- चेन ल्युब स्प्रे किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल
- एक्सलच्या (मागच्या चाकाच्या आसाच्या) नटाला आणि चाक मागे-पुढे सरकवणाऱ्या ॲडजस्टरला बसणारे पाने, स्टीलची पट्टी
- हाताला घट्ट बसणारे रबरी पातळ हातमोजे

रॉकेल पूर्वीसारखं रेशनवर मिळत नाही. मिळालं नाही तर डिझेल चालतं. फक्त ते तेलकट थर मागे ठेवतं, त्यामुळे पुसायला जास्त वेळ द्यावा लागतो. पेट्रोल वापरू नका. ते रबर कडक करतं, आणि त्याची वाफ शून्याच्या कितीतरी खालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. रॉकेलची वाफ साधारण चाळीस अंशांच्या आसपास पेटण्याजोगी होते. पुण्या-कोल्हापुरात हे लक्षात येत नाही, पण मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा पंचेचाळीस गाठतो. तिथे हे काम सकाळी लवकर, उघड्यावर करा. बिडी-सिगारेट लांब, आणि देवघर असलेल्या बंद पडवीत तर अजिबात नको.

तेलाबद्दल एवढंच. स्प्रे महाग पडतो, पण लावायला सोपा आणि कमी उडतो. ९० नंबरचं गिअर ऑइल स्वस्त, अनेक कंपन्यांच्या पुस्तिकेत सांगितलेलं आणि ओ-रिंगलाही चालणारं. पण जास्त लावलं तर रिमवर शिंतोडे उडतात. चिकट ग्रीस नको, ते धूळ धरून ठेवतं. इंजिनमधून काढलेलं काळं ऑइल तर मुळीच नको. "दादा, हे मारून देतो, फुकटच आहे," असं मिस्त्री म्हणाला तरी नको म्हणा. त्यात इंजिनची झिजलेली धातूची पूड आणि जळाल्यावर उरलेलं आम्ल असतं. निळ्या डब्यातला डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला आणि गंज सोडवायला ठीक, पण वंगण म्हणून तो टिकत नाही.

ताकीद : घड्याळ, अंगठी, कडं, मनगटातला दोरा, गळ्यातला गमछा किंवा ओढणी काढून ठेवा. पूर्ण बाह्यांचा शर्ट असेल तर बाह्या कोपराच्या वर दुमडा. लोकरीचे किंवा सुती ढगळ हातमोजे घालण्यापेक्षा उघडे हात बरे.

## टप्पा २ : गाडी उभी करा आणि चावी खिशात टाका

गाडी सपाट, कडक जमिनीवर मेन स्टँडला लावा. मुरमावर किंवा ओल्या मातीत स्टँड रुततो. गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, इंजिन बंद करा, चावी काढा आणि खिशात ठेवा. चावी गाडीला लटकलेली राहिली की घरातलं पोर येऊन बटण दाबतंच.

"न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवलं तर काय होतं?" असं पुष्कळ जण विचारतात. मेन स्टँडवर गाडी न्यूट्रलमध्ये असली तरी गिअरबॉक्समधल्या ऑइलच्या ओढीने मागचं चाक हळूहळू फिरतं. हळू फिरणारं चाकसुद्धा बोट दातांखाली ओढून नेतं. चाक हातानेच फिरवायचं, याला अपवाद नाही.

मेन स्टँड नसलेल्या गाडीसाठी पॅडॉक स्टँड, म्हणजे मागचं चाक उचलून धरणारा वेगळा स्टँड, घ्या. तोही नसेल तर गाडी साइड स्टँडवर ठेवूनच काम होतं : जेवढी चेन समोर दिसते तेवढी साफ करायची, गाडी दोन हात पुढे ढकलायची, पुढचा भाग. वेळ लागतो, पण जमतं. साइड स्टँडखाली वीट घालून मागचं चाक अधांतरी करणं किंवा गाडी स्टूलवर तोलणं, हे करू नका. चाक ओढताना गाडी अंगावर येते.

चाक कोणत्या दिशेला फिरवायचं यालाही कारण आहे. चाक पुढे फिरवलं, की खालची चेन मागे जाते आणि मागच्या स्प्रॉकेटमध्ये शिरते. म्हणजे खालच्या चेनवरचा हात थेट दातांकडे ओढला जातो. चाक उलटं फिरवलं, की खालची चेन मागच्या दातांपासून दूर, पुढे जाते. म्हणून चाक नेहमी उलटं फिरवा आणि हात खालच्या चेनच्या मध्यावर ठेवा. त्यातही फिरवणं आणि पुसणं एकाच वेळी नको. फिरवा, थांबवा, पुसा, पुन्हा फिरवा.

ताकीद : लहान मुलांना या वेळी जवळ येऊ देऊ नका. फिरणारं चाक बघून त्यांचा हात आपोआप पुढे येतो.

कुणाचं बोट अडकलंच तर हात हिसकू नका. चाक ज्या दिशेने फिरताना बोट अडकलं, त्याच्या उलट दिशेला हळूच फिरवून मोकळं करा. स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा, १०८ ला फोन करा. बोटाचा तुकडा पडला असेल तर तो ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर खराब होतो. बोट जोडणारे प्लास्टिक सर्जन असतील अशाच रुग्णालयात न्या.

## टप्पा ३ : चेनमध्ये जीव उरलाय का ते पाहा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. मेलेल्या चेनला धुऊन तेल लावण्यात अख्खी सकाळ जाते आणि पुढच्या महिन्यात ती तुटते.

मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन दोन बोटांत धरून मागे ओढा. चेन दातांवर घट्ट बसून राहिली तर ठीक. ती उचलली जाऊन दाताचा अर्ध्याहून जास्त भाग उघडा पडला तर चेन बदलायची वेळ आली.

मोजून पाहायचं असेल तर चेनच्या पट्टीवर कोरलेला आकडा वाचा. ४२८ च्या चेनमध्ये लगतच्या दोन पिनांतलं अंतर १२.७ मिलिमीटर असतं, ५२० मध्ये १५.८७५. सलग २१ पिना मोजा, म्हणजे मधे २० अंतरं येतात. नव्या ४२८ चेनमध्ये पहिल्या पिनेच्या मध्यापासून शेवटच्या पिनेच्या मध्यापर्यंत २५४ मिलिमीटर भरतात आणि ५२० मध्ये ३१७.५. चेन १ ते २ टक्के वाढली की ती संपली असं धरतात. तुमच्या गाडीची नेमकी मर्यादा पुस्तिकेत दिलेली असते. मोजताना चेन ताणलेली हवी : इंजिन बंद ठेवूनच गिअर टाका आणि दुसऱ्याला मागचं चाक हाताने पुढे दाबून धरायला सांगा, खालची बाजू ताठ होते. मोजून झालं की गाडी पुन्हा न्यूट्रलमध्ये घ्या.

आता स्प्रॉकेटचे दात पाहा. नव्या दाताच्या दोन्ही बाजू सारख्या असतात. झिजलेला दात एका बाजूला कलतो, टोकाला आकडीसारखा होतो. दातांची एकच कड चकाकत असेल तर चाक तिरकं बसलंय. हे टप्पा ७ साठी लक्षात ठेवा.

कड्यांच्या सांध्यातून तांबूस पूड पडत असेल तर त्या जागची ओ-रिंग गेलेली आहे. हाताने वाकवल्यावर एखादी कडी वाकडीच राहत असेल, सरळ होत नसेल, तर तीही जाम आहे. एक-दोन कड्या रॉकेलने धुतल्यावर सुटतात. तेव्हा टप्पा ५ नंतर पुन्हा पाहून मगच ठरवा.

बदलायची झाली तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच. दुकानात "चेन सॉकेट किट" मागा. जुन्या दातांवर नवी चेन चढवली तर ती फार लवकर जुनी होते. पैसे वाचवायला फक्त चेन बदलणं हा सौदा तोट्याचाच.

मागच्या स्प्रॉकेटला हाताने पुढे-मागे हलवूनही बघा. चाक स्थिर असताना स्प्रॉकेट बराच हलत असेल तर हबमधली रबरं गेलीत. गिअर बदलताना बसणारा धक्का पुष्कळदा त्या रबरांमुळे असतो आणि बिचारी चेन उगाच ताणली जाते.

## टप्पा ४ : धुणं

मागच्या टायरवर आणि डिस्कवर काही उडू नये म्हणून चेन आणि चाकाच्या मधे पुठ्ठा उभा करा. डिस्क मागे असेल तर ती प्लास्टिकच्या पिशवीने झाकून टाका. चेनखाली पत्र्याचा डबा आणि वर्तमानपत्र.

रॉकेल एका वाटीत घ्या आणि ब्रश बुडवून चेनवर लावा. बाटली उपडी करून चेन भिजवू नका. आधी खालच्या चेनची आतली बाजू, म्हणजे दातांना लागणारी, मग बाहेरची, मग दोन्ही कडा. एका वेळी वीतभर भाग. घासून झाला की चाक उलटं फिरवून पुढचा वीतभर. मास्टर लॉक (चेनची दोन टोकं जोडणारी कडी) किंवा रंगाची एखादी खूण असलेली कडी लक्षात ठेवा, म्हणजे पूर्ण फेरा झाला ते कळतं.

मळ खूप असेल तर पहिला हात लावून पाचेक मिनिटं थांबा आणि पुन्हा घासा. कोकणातल्या तांबड्या चिखलाला किंवा उसाच्या शिवारातल्या वाळलेल्या गाळाला आधी साध्या पाण्याने, मऊ धारेने भिजवून घ्या. सुका चिखल ब्रशने रगडला की तोच पॉलिश पेपरचं काम करतो. ओ-रिंग चेन रॉकेलमध्ये तासन्‌तास बुडवून ठेवू नका.

मागचं स्प्रॉकेट फडक्याने दातादातांमधून पुसा. पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर दर तीन-चार धुण्यांत एकदा उघडा. आत काळ्या गाळाचा गठ्ठा साठलेला असतो. वरून चेन कितीही चकचकीत केली तरी हा गठ्ठा तिला पहिल्या किलोमीटरमध्ये पुन्हा मळवतो.

ताकीद : वॉशिंग सेंटरच्या प्रेशर पंपाची धार जवळून चेनवर मारू देऊ नका. त्या दाबाने पाणी आणि वाळू ओ-रिंगच्या आत शिरते. धुवायला गाडी द्यावीच लागली तर "भाऊ, चेनवर लांबून मारा" असं आधीच सांगा.

## टप्पा ५ : पुसा आणि वाळू द्या

कोरड्या फडक्याने चेन पुसत जा. फडकं चेनभोवती गुंडाळून धरायचं नाही, नुसतं तळहातावर पसरून खालून टेकवायचं. फडकं काळं पडायचं जवळजवळ थांबलं की चेन स्वच्छ झाली.

मग वाळू द्या. उन्हाळ्यात पंधरा-वीस मिनिटं पुरतात, पावसाळ्यात तासभर. रॉकेलचा ओलावा राहिला तर तेल त्यात पातळ होऊन गळून जातं. डिझेल वापरलं असेल तर आणखी एकदा पुसा. चेनला हात लावून वास घ्या. रॉकेलचा भपका येत असेल तर थांबा.

वापरलेलं रॉकेल गटारात किंवा झाडाच्या बुडाशी ओतू नका. झाकणाच्या बाटलीत भरून ठेवा. एक-दोन दिवसांत गाळ खाली बसतो आणि वरचं रॉकेल पुढच्या वेळी पहिल्या हाताला चालतं. खालचा गाळ गॅरेजवाल्याच्या जळक्या ऑइलच्या पिंपात द्या. रॉकेलचे बोळे घरात पेटीत कोंबून ठेवू नका; उघड्यावर पसरून वाळवा, मग टाका.

## टप्पा ६ : प्ले मोजा

चेन स्वच्छ झाली, आता तिचा खरा प्ले, म्हणजे सैलपणा, कळतो. मळकट चेनमध्ये जाम कड्या असतात, त्यामुळे आधी मोजलेला आकडा फसवतो.

पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटच्या बरोबर मध्ये, खालच्या चेनला पट्टी लावा. बोटाने चेन खाली ढकला, आकडा बघा; वर ढकला, पुन्हा बघा. दोन्हींमधलं अंतर म्हणजे प्ले. फक्त वर ढकलून मोजणं ही नेहमीची चूक; त्यात आकडा कमी मिळतो आणि सैल चेन ठीक वाटते.

किती हवा? स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं. रोजच्या वापराच्या लहान गाड्यांत तो बहुधा २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास असतो, लांब सस्पेन्शनच्या गाड्यांत जास्त. गाडी मेन स्टँडवर मोजायची की साइड स्टँडवर, हेही तिथेच दिलेलं असतं आणि त्याने आकडा बदलतो.

चाक पाव-पाव फेरा फिरवून चार ठिकाणी मोजा. झिजलेली चेन सगळीकडे सारखी नसते. एका जागी ताठ, एका जागी सैल निघते. ताण बसवायचा तो सगळ्यात ताठ जागेवरून. सैल जागेवरून बसवला तर ताठ जागा आली की चेन तारेसारखी ताणली जाते. दोन्हींतला फरक फार मोठा असेल, तर टप्पा ३ कडे परत जा. ती चेन बदलायचीच आहे.

चेनला सैलपणा मुळात कशाला, असं वाटेल. तुम्ही आणि मागचा माणूस बसलात, गाडी खड्ड्यात गेली, की स्विंगआर्म वर उचलला जातो. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा बिजागर आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात ताठ होते. स्टँडवर ताठ दिसणारी चेन त्या क्षणी गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग आणि ऑइल सील ओढते. सैल चेनचा आवाज निदान ऐकू येतो. ताठ चेन मुकाट्याने नुकसान करते, म्हणून मला तिची जास्त भीती वाटते.

## टप्पा ७ : ताण बसवणं, पण गरज असेल तरच

प्ले ठरलेल्या आकड्यांच्या मध्ये असेल तर पाना हातात घेऊ नका. सरळ टप्पा ८.

गरज असेल तर क्रम असा :

१. एक्सलच्या नटात स्प्लिट पिन असेल तर काढा. नट सैल करा, पूर्ण काढू नका. काही गाड्यांत स्प्रॉकेटच्या बाजूला आणखी एक मोठा स्लीव्ह नट असतो, तोही सैल करावा लागतो. ड्रम ब्रेक असेल तर ब्रेकची प्लेट धरून ठेवणाऱ्या टॉर्क रॉडचा नटही थोडा ढिला करा.

२. दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरला जागेवर धरणारे चेक नट सैल करा.

३. ॲडजस्टर दोन्ही बाजूंना सारखेच फिरवा. एका वेळी पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. एक बाजू पूर्ण फिरवून मग दुसरीकडे जाऊ नका, चाक तिरकं होतं.

४. स्विंगआर्मवरच्या खुणा दोन्ही बाजूंना एकाच रेघेवर आहेत का ते पाहा. मग मागे बसून चेनच्या रेषेत एक डोळा मिटून बघा. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन सरळ पुढे जायला हवी. टप्पा ३ मध्ये दातांची एकच कड चकाकलेली दिसली असेल तर आता ते दुरुस्त करायची वेळ आहे.

५. चाक पुढच्या बाजूला दाबून धरून एक्सलचा नट आवळा. पुस्तिकेत न्यूटन-मीटरमध्ये आकडा असतो. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) नसेल तर याच कामापुरतं गॅरेजमध्ये जाऊन आवळून घ्या. एक्सल हा अंदाजावर सोडायचा नट नाही.

६. चेक नट आणि टॉर्क रॉड आवळा. स्प्लिट पिन नवी घाला, जुनी पुन्हा वाकवली की मोडते.

७. प्ले पुन्हा मोजा. एक्सल आवळताना तो दोन-चार मिलिमीटरने बदलतोच.

तपासा : ड्रम ब्रेकच्या गाडीत चाक मागे सरकलं की ब्रेकचा रॉड ताणला जातो. पायातल्या पेडलचा प्ले कमी होतो आणि ब्रेक कायम घासत राहतो. चाक हाताने फिरवून पाहा, रॉडच्या टोकाचा नट फिरवून प्ले नीट करा, मग मागचा ब्रेक लाइट वेळेवर लागतो का तेही बघा. चेन ताणल्यानंतर ॲव्हरेज पडल्याची तक्रार असेल तर पहिल्यांदा इथे पाहा.

ॲडजस्टर शेवटच्या खुणेपर्यंत आले असतील तर चेन संपली. एक कडी काढून ती चालवण्याचा सल्ला मिळेल. घेऊ नका.

## टप्पा ८ : तेल, थोडं आणि आतून

तेल खालच्या चेनच्या आतल्या बाजूने लावा. चेन फिरायला लागली की केंद्रापासून दूर फेकली जाणारी ओढ तेलाला आतून बाहेर, रोलरमधून पट्ट्यांकडे नेते. बाहेरून मारलेलं तेल त्याच ओढीने थेट तुमच्या पँटवर जातं.

स्प्रे असेल तर डबा हलवा, नळी लावा, पुठ्ठा पुन्हा चाकाशी उभा करा. डाव्या पट्टीच्या सांध्यावर एक फेरा, उजव्या पट्टीच्या सांध्यावर एक फेरा, मधे रोलरवर एक फेरा. तीन पातळ फेरे एका जाड फेऱ्यापेक्षा चांगले. सायलेन्सर गरम असेल तर तिकडे स्प्रे जाऊ देऊ नका, तो पेट घेतो.

गिअर ऑइल असेल तर छोट्या नळीच्या बाटलीतून किंवा सुई काढलेल्या सिरिंजमधून प्रत्येक रोलरच्या दोन्ही टोकांना एक-एक थेंब. गाडीच्या चेनला शंभराच्या वर कड्या असतात, म्हणजे हे चिकाटीचं काम आहे. पण सबंध चेनला लागणारं तेल तरीही चहाच्या काही चमच्यांएवढंच. ब्रशने फासलं तर त्याच्या चौपट जातं आणि निम्मं रिमवर दिसतं.

शेवटी चाक आठ-दहा वेळा हाताने उलटं फिरवा, म्हणजे तेल सांध्यांत बसतं.

## टप्पा ९ : थांबा, मग पुसा

इथे घाई करणारे सगळी मेहनत रस्त्यावर उडवतात. स्प्रेमधलं द्रावण उडून जायला आणि वंगण चिकटायला किमान अर्धा तास द्या. रात्रभर दिला तर सर्वांत चांगलं. म्हणून, मे महिन्यातलं चंद्रपूर-नागपूर सोडलं तर, हे काम गाडी वापरून आल्यावर, संध्याकाळी करावं. चेन कोमट असते, तेल पटकन आत शिरतं आणि सकाळपर्यंत गाडी हलत नाही.

नंतर कोरड्या फडक्याने पट्ट्यांचा बाहेरचा भाग पुसून टाका. बाहेर दिसणारं तेल काहीच काम करत नाही, फक्त धूळ जमवतं. चेन ओली दिसायला नको, हाताला किंचित चिकट लागायला हवी.

तपासा : टायरच्या कडेवर किंवा डिस्कवर तेलाचा थेंब उडालेला नाही ना? टायर साबणाच्या पाण्याने धुवा, डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा. हे न करता गाडी वळणावर घालणं म्हणजे पडायला आमंत्रण. चेन गार्ड आणि साडी गार्ड परत बसवले का? ते काढून गाडी फिरवायची हौस काहींना असते. मागे बसणाऱ्या बाईचा पदर किंवा ओढणी थेट चाकात जाते. पान्यांची मोजदाद करा, एखादा स्विंगआर्मवर राहिलेला असतो. मग पार्किंगमध्येच हळू एक चक्कर मारा, ब्रेक दोन्ही दाबून पाहा, आवाज ऐका.

## बंद कव्हरच्या गाड्या

कव्हरमुळे धूळ आणि पाऊस बराच थांबतो, म्हणून चेन जास्त टिकते. पण "बंद आहे, काही करायला नको" हा समज तिला मारतो. अशा पुष्कळ गाड्यांत चेन साधी, विना ओ-रिंगची असते; कोरडी पडली की आतल्या आत झिजते आणि दिसतही नाही.

कव्हरवर रबरी बूच असतं. ते काढून प्ले तपासता येतो आणि थोडं गिअर ऑइल सोडताही येतं. नीट धुवायचं असेल तर मात्र कव्हर उघडावंच लागतं. ते सर्व्हिसिंगच्या वेळी करून घ्या आणि मधल्या काळात बुचातून तेल. बुचाच्या भोकात बोट घालून चाक फिरवू नका. आत काय कुठे आहे ते दिसत नाही, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने चेन वर-खाली करा. बूच परत बसवायला विसरू नका, नाहीतर कव्हर पाण्याची टाकी होतं.

## किती किलोमीटरला

कोरड्या डांबरी रस्त्यावर, उघड्या चेनला साधारण ५०० किलोमीटरला तेल आणि दर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पूर्ण धुणं, हे बहुतेकांना पुरतं. पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर ते धरा. पावसाळ्यात हे गणित मोडतं. घाटातल्या धो-धो पावसातून आलात तर त्याच संध्याकाळी चेन पुसून तेलाचा हलका हात मारा. किलोमीटर किती झाले याला अर्थ नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी, विशेषतः वाळूवर गाडी नेली असेल तर, आधी गोड्या पाण्याने मीठ धुवा. गाडी महिनाभर बंद ठेवायची असेल तर तेल ठेवण्याआधी लावा, काढल्यावर नव्हे.

## गॅरेजमध्ये करून घेत असाल तर

समोर उभे राहा. इंजिन चालू करून फडकं लावायला निघालेल्या पोराला थांबवा. बोट त्याचं असलं तरी गाडी तुमची आहे. चेन काढली असेल आणि मास्टर लॉक क्लिपचं असेल, तर परत बसवताना क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला हवं. वरच्या चेनवर क्लिप असेल तर बंद टोक गाडीच्या पुढे, खालच्या चेनवर असेल तर मागे. उलटं बसलं तर एखादा दगड घासून क्लिप निघून जाते आणि चेन धावत्या गाडीत सुटते. ओ-रिंग चेनच्या मास्टर लॉकमध्ये चार छोटी रबरं असतात. तीही चारही परत गेली का, ते मोजून घ्या.